पेट्रोलांतील शिसें : एका शासकीय निर्णयाचा इतिहास

विद्यार्थिमित्रांनो, आपण जिला शिसपेन्सिल म्हणतों तिच्यांत शिसें मुळींच नसतें. तिच्यांतील काळी कांडी ग्राफाइट व चिकणमाती ह्यांची केलेली असते. आणि ग्राफाइट हा कार्बनाचाच एक प्रकार होय. पूर्वीं लोकांस तो शिशाचा प्रकार वाटला, म्हणून तें नांव पडलें व तसेंच राहिलें. येथें नांव आहे, पण वस्तु नाहीं. ह्याच्या अगदीं उलट, म्हणजे वस्तु आहे पण नांव नाहीं, असाही एक प्रकार विसाव्या शतकांत घडला, आणि त्याचे परिणाम जगांतील बहुतेक मोठ्या शहरांतील मुलांना भोगावे लागले. मोटारींच्या पेट्रोलांत शिसें मिसळून तें जवळजवळ शंभर वर्षें विकलें गेलें. परंतु ज्या नांवानें त्याची विक्री सुरू झाली त्या नांवांत शिशाचा उल्लेखही नव्हता.

ही हकीगत केवळ रसायनशास्त्राची नाहीं. एखादी नवी युक्ति उपयुक्त आहे, तिच्यापासून पैसा व सोय ह्या दोन्हींचा लाभ आहे, परंतु तिच्यापासून लोकांच्या आरोग्यास धोका असण्याचाही संभव आहे, अशा वेळीं सरकारनें काय करावें? अपाय सिद्ध होईपर्यंत थांबावें, कीं निर्धोकपणा सिद्ध होईपर्यंत ती युक्ति थांबवावी? हा प्रश्न दिसण्यांत लहान आहे. पण त्याचें उत्तर चुकलें तर काय होतें हें पेट्रोलांतील शिशाच्या इतिहासावरून जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच दुसऱ्या एखाद्या उदाहरणावरून दिसेल. म्हणून हा इतिहास मुलांनीं व त्यांच्या पालकांनीं, दोघांनींही वाचण्यासारखा आहे.

प्रथम शिशाविषयीं दोन शब्द. हा धातु मनुष्याचा फार जुना सोबती आहे. तो मऊ असतो, थोड्या उष्णतेनें वितळतो, लवकर गंजत नाहीं आणि स्वस्तही मिळतो. कोळ्यांच्या जाळ्यांना लावलेल्या गोळ्या, छापखान्यांतील खिळे, जुन्या नळांचे सांधे, घरांना द्यावयाचा पांढरा रंग, अशा नाना ठिकाणीं त्याचा उपयोग होत आला. परंतु हा सोबती घातकी आहे हेंही प्राचीन काळापासून ठाऊक होतें. शिशाचें काम करणाऱ्या कारागिरांच्या पोटांत कळा उठत, त्यांचीं मनगटें लुळीं पडत, कित्येकांना भ्रम होई. शरीराला शिशाचा कांहींएक उपयोग नाहीं. उलट, आंत गेलेलें शिसें कॅल्शियमाचें सोंग घेऊन हाडांत जाऊन बसतें व वर्षानुवर्षें तेथें राहतें. त्याचा कांहीं अंश मेंदूपर्यंतही पोंचतो. ह्या बाबतींत मुलांची स्थिति मोठ्या माणसांहून फार नाजूक असते. गिळलेल्या शिशापैकीं मोठ्या माणसाच्या चौपट किंवा पांचपट भाग मुलाचें शरीर शोषून घेऊं शकतें. शिवाय मुलें जमिनीजवळ खेळतात, धुळीचे हात तोंडांत घालतात, आणि त्यांचा मेंदू अजून वाढत असतो.

आतां मोटारीकडे वळूं. १९२० च्या सुमारास मोटारीच्या इंजिनांतील एक दोष इंजिनियरांना सतावीत होता. इंजिनांत पेट्रोलची वाफ व हवा ह्यांचें मिश्रण दाबून मग तें ठिणगीनें पेटवितात. दाब जितका अधिक तितकी शक्ति अधिक मिळते. परंतु दाब फार वाढला कीं ज्योत येऊन पोंचण्यापूर्वींच मिश्रणाचा कांहीं भाग आपोआप भडकतो, इंजिन ठकठक वाजूं लागतें आणि त्याची झीज होते. अमेरिकेंतील ओहायओ राज्यांत डेटन शहरीं जनरल मोटर्स कंपनीच्या प्रयोगशाळेंत थॉमस मिजली नांवाचे गृहस्थ ह्यावर उपाय शोधीत होते. ९ डिसेंबर १९२१ रोजीं त्यांस असें आढळलें कीं टेट्राएथिल लेड नांवाचें शिशाचें एक द्रवरूप संयुग गॅलनभर पेट्रोलांत अगदीं थोडें घातलें तरी ही ठकठक बंद पडते. अल्कोहोल मिसळल्यानेंही हा दोष जातो हें त्यांस माहीत होतें. परंतु तें पुष्कळ मिसळावें लागे, आणि त्यावर कोणा एका कंपनीस मालकीहक्क सांगतां येण्यासारखा नव्हता. १९२३ च्या फेब्रुवारींत डेटन येथें हें नवें पेट्रोल प्रथम विकण्यांत आलें. त्यास नांव दिलें ‘एथिल’. ‘लेड’ म्हणजे शिसें, हा शब्द तेवढा गाळण्यांत आला.

ह्या शोधाचा लाभ खोटा नव्हता, हें न्यायबुद्धीनें मान्य केलें पाहिजे. इंजिनें अधिक जोरदार झालीं व तेवढ्याच पेट्रोलांत अधिक काम होऊं लागलें. परंतु इंजिनांत शिरलेलें शिसें नाहींसें होत नसे. तें अतिसूक्ष्म कणांच्या रूपानें धुराबरोबर बाहेर पडून रस्त्यावर, शेतांत, घरांत व श्वासांत जाई.

पहिली धोक्याची घंटा कारखान्यांतच वाजली. १९२४ च्या ऑक्टोबरांत न्यू जर्सी राज्यांतील बेवे येथील कारखान्यांत हा द्रव तयार करणारे कामगार एकाएकीं भ्रमिष्टासारखे वागूं लागले. त्यांपैकीं पांच जण मरण पावले व तीसांहून अधिक आजारी पडले. न्यूयॉर्क शहरानें व इतर कांहीं ठिकाणच्या अधिकाऱ्यांनीं ह्या पेट्रोलच्या विक्रीस ताबडतोब बंदी केली. लोकांची भीति घालविण्याकरितां मिजली ह्यांनीं वार्ताहरांच्या समक्ष तो द्रव आपल्या हातांवर चोळला व त्याचा वासही घेऊन दाखविला. वस्तुतः आदल्याच वर्षीं त्यांस स्वतःस शिशाची बाधा होऊन विश्रांतीसाठीं दूर जावें लागलें होतें.

शेवटीं अमेरिकन सरकारच्या आरोग्यखात्याचे प्रमुख सर्जन जनरल ह्यू कमिंग ह्यांनीं २० मे १९२५ रोजीं वॉशिंग्टन येथें एक परिषद भरविली. नवीन शोधाचे गुणदोष उघडपणें पारखावे ह्या हेतूनें सरकारनें सर्व पक्षांना एकत्र बोलाविण्याचा हा प्रयत्न त्या काळीं मोठा स्तुत्य होता. कंपनीच्या वतीनें सांगण्यांत आलें कीं, हें द्रव्य म्हणजे जणूं ईश्वराची देणगीच असून निव्वळ शंकेवरून तिचा त्याग करणें योग्य नव्हे. उलट, येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन ह्यांनीं बजाविलें कीं, हा अपाय इतक्या मंद गतीनें पसरेल कीं लोक जागे होण्यापूर्वींच शिशाचें पेट्रोल सर्वत्र रूढ होऊन जाईल. कामगारांच्या आरोग्याचा सखोल अभ्यास केलेल्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन ह्या विदुषींचा मुद्दा तर अगदीं सोपा होता. कारखान्याच्या चार भिंतींत धोक्यावर नजर ठेवतां येईल. परंतु सगळ्या देशावर ती कशी ठेवणार?

परिषदेनंतर सात तज्ज्ञांची समिति नेमण्यांत आली व तिचें काम होईपर्यंत विक्री थांबविण्यांत आली. समितीनें २५२ माणसांची तपासणी केली. त्यांत मोटारहांके व गॅरेजांतील कामगार होते. १९२६ च्या जानेवारींत तिनें अहवाल दिला कीं, योग्य नियम पाळले जात असतील तर ह्या पेट्रोलवर बंदी घालण्यास सबळ कारण दिसत नाहीं.

हा अहवाल अप्रामाणिक होता असें म्हणतां येणार नाहीं. समितीनें स्वतःच लिहून ठेविलें होतें कीं, आपल्यास मिळालेला अवधि थोडा आहे, पुढें अधिक काळ वापर झाल्यावर निराळे परिणाम दिसूं शकतील, यास्तव सरकारी खर्चानें हा अभ्यास चालू ठेवावा. परंतु तिच्या परीक्षेंतील उणीव आज आपल्या ध्यानांत सहज येते. विक्री सुरू होऊन तीन वर्षेंही झालीं नव्हतीं. तपासलेलीं माणसें सर्व प्रौढ होतीं. त्यांत एकही बालक नव्हतें. जो अपाय हळूहळू होतो तो थोड्या महिन्यांत दिसत नाहीं, आणि जो मुलांना होतो तो मोठ्यांच्या शरीरांत शोधून सांपडत नाहीं. ‘आम्हांस अपाय दिसला नाहीं’ आणि ‘अपाय नाहीं’ हीं दोन वाक्यें सारखीं दिसतात. पण त्यांच्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

पुढें काय झालें? अहवालांतील परवानगी तेवढी सर्वांनीं लक्षांत ठेविली व अटीकडे दुर्लक्ष केलें. विक्री पुन्हां सुरू झाली. पण पुढचा अभ्यास सरकारनें हातीं घेतला नाहीं. तो मुख्यतः सिनसिनाटी येथील एका प्रयोगशाळेंत, डॉ. रॉबर्ट केहो ह्यांच्या देखरेखीखालीं व शिशाचें पेट्रोल तयार करणाऱ्या उद्योगाच्याच पैशानें चालला. केहो हे अभ्यासू गृहस्थ होते. परंतु ज्या माणसांशीं त्यांनीं तुलना केली त्यांच्याही शरीरांत शिसें सांपडलें, त्यावरून थोडें शिसें मनुष्याच्या शरीरांत स्वभावतःच असतें असा त्यांनीं निष्कर्ष काढला. जेथें सर्वच वस्त्र मळलेलें आहे तेथें मळाचा डाग दिसावा कसा? तरीही सुमारे चाळीस वर्षें हेंच मत प्रमाण मानलें गेलें, कारण त्यास विरोध करण्याइतकी माहिती दुसऱ्या कोणापाशीं फारशी नव्हती.

ही कोंडी फोडली ती एका भूरसायनशास्त्रज्ञानें, आणि तीही भलत्याच वाटेनें. कॅलिफोर्नियांतील प्राध्यापक क्लेअर पॅटरसन हे उल्कापाषाणांतील शिशाच्या मोजणीवरून पृथ्वीचें वय काढीत होते. सुमारे ४५५ कोटी वर्षें हा त्यांनीं काढलेला आंकडा आजही मान्य आहे. परंतु हें सूक्ष्म मापन करतांना त्यांस सारखा एक अडथळा येई : प्रयोगशाळेंतील हवा, पाणी, भांडीं, माणसाचे केंस, सर्व कांहीं शिशानें मळलेलें असे. तो मळ घालविण्यासाठीं त्यांस अत्यंत स्वच्छ अशी खोली तयार करावी लागली. मग हा मळ आला कोठून, ह्याचा शोध ते घेऊं लागले. समुद्राच्या खोल पाण्यापेक्षां वरच्या थरांत शिसें कितीतरी अधिक आहे, असें त्यांस व त्यांच्या सहकाऱ्यांस आढळलें. १९६५ सालीं त्यांनीं एक निबंध प्रसिद्ध करून दाखविलें कीं, उद्योगप्रधान देशांतील माणसाच्या शरीरांतील शिसें नैसर्गिक प्रमाणाच्या सुमारे शंभरपट आहे. सर्वसाधारण म्हणजे स्वाभाविक नव्हे. १९६९ सालीं ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांची तपासणी प्रसिद्ध झाली. जुन्या थरांत शिसें अत्यल्प, व अलीकडच्या थरांत तें झपाट्यानें वाढलेलें, असें तींत दिसलें. ज्या ठिकाणीं मोटारींची वर्दळ नाहीं त्या हिमप्रदेशांतही त्यांचा धूर पोंचला होता!

१९७० सालीं अमेरिकेंत हवेच्या शुद्धतेचा नवा कायदा झाला व पर्यावरणरक्षणाचें स्वतंत्र खातें निघालें. १९७३ सालीं ह्या खात्यानें पेट्रोलांतील शिसें टप्प्याटप्प्यानें कमी करण्याचे नियम केले. दुसरें एक कारणही त्याच वेळीं आलें : धुरांतील विषारी वायु कमी करण्यासाठीं मोटारींच्या धुराच्या नळींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नांवाचें साधन बसवावयाचें होतें, आणि शिशानें तें निकामी होई. शिशाच्या कंपन्यांनीं नियमांविरुद्ध न्यायालयांत दाद मागितली. त्यांचें म्हणणें असें कीं, प्रत्यक्ष हानि झाल्याचा पुरावा द्या. १९७६ सालीं वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयानें पांच विरुद्ध चार अशा बहुमतानें सरकारच्या बाजूनें निकाल दिला. ‘धोका’ ह्या शब्दाचा अर्थच असा कीं हानि अजून व्हावयाची आहे. ती होऊन गेल्यावर कायदा जागा झाला तर तो रक्षणाचा कायदा कसला, असें त्या निकालाचें तात्पर्य सांगतां येईल. अर्थात् निव्वळ तर्कावरून बंदी घालावी असें न्यायालयानें म्हटलें नाहीं. सर्व पुरावा एकत्र विचारांत घेऊन मोठा धोका संभवतो असें दिसलें तर सरकारनें थांबूं नये, एवढेंच म्हटलें.

ह्यानंतर पुराव्यांची भर पडत गेली. १९७९ सालीं डॉ. हर्बर्ट नीडलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मॅसॅच्युसेट्समधील शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दांत गोळा करून त्यांतील शिसें मोजलें. ज्या मुलांच्या दांतांत शिसें अधिक होतें तीं बुद्धिमापनांत मागें पडलेलीं दिसलीं, आणि त्यांच्या शिक्षकांनीं त्यांचें लक्ष चंचल असल्याचें नोंदविलें होतें. हीं मुलें आजारी नव्हतीं. कोणाही आईबापांस तीं निरोगीच वाटलीं असतीं. दुसरा पुरावा सबंध राष्ट्राचा होता. १९७६ ते १९८० ह्या काळांत अमेरिकेंतील लोकांच्या रक्तांतील शिशाचें सरासरी प्रमाण दर १०० मिलिलिटरमागें १४.६ मायक्रोग्रॅमवरून ९.२ वर उतरलें. (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.) पेट्रोलांत जसजसें शिसें कमी झालें, तसतसें रक्तांतीलही कमी होत गेलें. १ जानेवारी १९९६ पासून अमेरिकेंत रस्त्यावरील मोटारींना असें पेट्रोल विकण्यास पूर्ण बंदी झाली.

मुलाच्या रक्तांत किती शिसें असलें म्हणजे काळजी करावी, हा आंकडाही खालीं खालीं येत गेला हें लक्षांत घेण्यासारखें आहे. अमेरिकेंत १९६० नंतरच्या दशकांत तो ६० होता. १९९१ सालीं १०, २०१२ सालीं ५, व २०२१ सालीं ३.५ असा तो ठरविण्यांत आला. शिशाचें अमुक प्रमाण निर्धोक आहे असें सांगतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्यसंघटनेचें मत आहे.

आतां आपल्या देशाकडे पाहूं. भारतांत १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास ह्या चार महानगरांत नव्या मोटारगाड्यांसाठीं शिसेरहित पेट्रोल मिळूं लागलें. दिल्लीच्या हवेविषयीं सर्वोच्च न्यायालयांत चाललेल्या खटल्यानें ह्या कामास गति आली, आणि १ फेब्रुवारी २००० पासून सर्व देशभर शिसेरहित पेट्रोलच विकलें जाऊं लागलें. परंतु हवेंतून शिसें येणें थांबलें म्हणजे तें सर्वस्वीं गेलें असें नाहीं. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या मुंबईंतील एका पाहणींत, तपासलेल्या मुलांपैकीं सुमारे एकतृतीयांश मुलांच्या रक्तांत १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसें आढळलें. हें प्रमाण बंदीपूर्वींच्या मानानें कमी झालेलें होतें, तरी स्वस्थ बसण्याजोगें खास नव्हतें. मोटारगाड्यांसाठीं शिशाचें पेट्रोल विकणारा जगांतील शेवटचा देश अल्जीरिया. तेथें तें २०२१ च्या जुलैंत बंद झालें. मिजली ह्यांच्या शोधापासून तोंवर जवळजवळ शंभर वर्षें लोटलीं होतीं.

ह्या इतिहासापासून बोध काय घ्यावयाचा? नवे शोध नकोत असा नव्हे. लस, जंतुनाशक साबण, शुद्ध पाण्याचे नळ हेही एके काळचे नवे शोधच होत. बोध असा कीं, एखाद्या नव्या युक्तीची पारख करतांना सरकारनें व सुजाण नागरिकांनीं कांहीं प्रश्न अवश्य विचारावे. पहिला प्रश्न : धोका कोण पत्करतो व लाभ कोणास होतो? कारखान्यांतील कामगारास निदान मजुरी मिळते. रस्त्याच्या कडेला खेळणाऱ्या मुलास श्वास घ्यावयाचा कीं नाहीं हें ठरवितां येत नाहीं. दुसरा : परीक्षा कोणाची घेतली, सर्वांत सशक्ताची कीं सर्वांत नाजूकाची? तिसरा : परीक्षकाचा खर्च कोण चालवितो? चवथा : दुसरा कांहीं मार्ग होता काय? पांचवा : चूक झालीच तर ती निस्तरतां येईल काय? सांडलेलें पाणी भरून काढतां येत नाहीं. हवेंत सोडलेलें शिसें तर त्याहूनही नाहीं.

आणि सहावा प्रश्न, जो १९२६ सालानंतर विचारला गेला नाहीं : परवानगी देतांना घातलेली अट पाळली जाते कीं नाहीं हें पाहणारा कोण? सरकार म्हणजे एक दिवस निर्णय देऊन उठून जाणारा पंच नव्हे. पुढील वर्षांत मोजणी चालू ठेवणें, तिचे आंकडे लोकांपुढें उघड ठेवणें, आणि नवी माहिती येतांच जुना निर्णय बदलण्याची तयारी असणें, हें त्याच्या कर्तव्याचेंच अंग आहे.

पालकवर्गासही एक विनंति आहे. पेट्रोलांतील शिसें गेलें, तरी जुन्या रंगाचे पोपडे, फुटक्या बॅटऱ्या वितळविण्याचा उद्योग, कांहीं प्रकारचा सुरमा व काजळ, शिशाची भेसळ असलेली कल्हई ह्यांतून तें अजून घरांत शिरूं शकतें. घरगुती रंगांत दहा लाख भागांमागें ९० भागांहून अधिक शिसें नसावें असा नियम भारत सरकारनें २०१६ सालीं केला आहे. रंग घेतांना डब्यावर तशी नोंद आहे कीं नाहीं हें पाहणें, भिंतीचे पोपडे ओल्या फडक्यानें पुसून काढणें, मुलांचे हात जेवणापूर्वीं धुणें व त्यांस दूध, पालेभाज्या, कडधान्यें असा सकस आहार देणें, एवढें प्रत्येक घरीं करतां येईल. पोटांत कॅल्शियम व लोह पुरेसें असेल तर शिसें शरीरांत कमी शिरतें.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यांतून उद्यां कोणी इंजिनियर होतील, कोणी डॉक्टर, कोणी सरकारी अधिकारी, तर कोणी कारखानदार. त्या त्या वेळीं तुमच्यापुढें एखादा कागद सहीसाठीं येईल आणि कोणी म्हणेल कीं, ‘ह्यापासून अपाय होतो असें अजून सिद्ध झालेलें नाहीं.’ तेव्हां तुम्हीं शांतपणें एवढेंच विचारावें, ‘तो शोधला कोणी, कोठें, आणि किती दिवस?’ हवा ही परमेश्वरानें गरीब व श्रीमंत दोघांनाही सारखीच वांटून दिली आहे. तींत कांहीं मिसळण्यापूर्वीं जो इतका विचार करील, त्याच्या हातून लोकांचें खरें कल्याण होईल.